शालेय ग्रंथमेळा आणि पालक : जॉर्ज टाउनच्या निमित्ताने

शाळेत पुस्तकांचे प्रदर्शन भरते तेव्हा पालकांचे स्थान कोणते, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. मुलाच्या हाती थोडे पैसे द्यावेत, फार तर सोबत येऊन एखादे पुस्तक घेऊन द्यावे, एवढीच पालकांची भूमिका सामान्यतः गृहीत धरलेली असते. काही शिक्षक तर पालक न आले तर बरे, असे मानतात. पालक आले की गोष्टीचे पुस्तक मागे पडते आणि गाईड, सामान्यज्ञानाच्या पुस्तिका व सुवाच्य अक्षराच्या वह्या यांची खरेदी होते, असे त्यांचे म्हणणे असते. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र त्यावरून पालकांना वगळावे हा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पुस्तकांची निवड आणि पैशाचा हिशेब ही दोन कामे पालकांवाचून नीट होत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चेन्नईतील जॉर्ज टाउन या जुन्या वस्तीचा विचार केला असता ते अधिक स्पष्ट होते.

बहुभाषिक वस्ती

फोर्ट सेंट जॉर्जच्या उत्तरेस पसरलेली ही वस्ती पूर्वी ‘ब्लॅक टाउन’ म्हणून ओळखली जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिला पंचम जॉर्ज यांच्या नावावरून आजचे नाव मिळाले. मराठी वाचकाला येथील तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिर परिचित असण्याचा संभव आहे. दक्षिण दिग्विजयाच्या काळात, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज या मंदिरात दर्शनास आले होते, अशी परंपरा सांगितली जाते. शिक्षणाच्या इतिहासातही या भागाचे स्थान मोठे आहे. जॉन अँडरसन यांनी १८३७ मध्ये येथे सुरू केलेल्या शाळेतून पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले, तर पचैयप्पा मुदलियार यांच्या धर्मादाय निधीतून १८४२ मध्ये पचैयप्पा शाळेचा आरंभ झाला. अँडरसन यांचे नाव धारण करणारा रस्ता आज कागद आणि लग्नपत्रिकांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. पुस्तकासाठी लागणारा कागद आणि छपाई हाकेच्या अंतरावर असलेली अशी वस्ती क्वचितच आढळेल.

या वस्तीत तमिळ ही सर्वांची व्यवहाराची भाषा आहे. परंतु सौकारपेठेत मारवाडी व गुजराती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, तेलुगू भाषक व्यापारी त्यांच्याही आधीचे, आणि मण्णडी परिसरात उर्दू बोलणारी घरेही आहेत. अशा वस्तीतील वर्गात पुस्तके मागविताना शिक्षक साहजिकच तमिळ आणि इंग्रजी या दोन भाषांचा विचार करतात. विक्रेताही तीच पुस्तके आणतो, कारण ती खपतात. घरी गुजराती बोलणाऱ्या आजीला नातवाबरोबर वाचता येईल असे एखादे पुस्तक त्या टेबलावर असावे, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. ते त्या घरातील माणसालाच सुचू शकते. पालकांचा सहभाग प्रदर्शनाच्या दिवशी सुरू न होता त्याआधी महिनाभर, पुस्तकांची यादी तयार होताना सुरू व्हावयास हवा, तो यासाठी.

मातृभाषेतील बालपुस्तक परप्रांतात निर्माण होणे ही गोष्ट तशी नवी नाही. तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इसापच्या कथांचे मराठी भाषांतर तमिळ भूमीतच छापले गेले होते. आज हे काम पुष्कळ सुलभ झाले आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला अनेक भारतीय भाषांत निघते. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने अल्प किमतीची बहुभाषिक पुस्तके काढली आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मुक्त परवान्याखाली गोष्टी उपलब्ध करून दिल्या. मागणी करणारा कोणी असला, तर पुस्तक मिळविणे अवघड नाही.

पैसा कोणाचा, हिशेब कोणाकडे

शालेय ग्रंथमेळ्याचे आज सर्वत्र दिसणारे व्यापारी रूप अमेरिकेतून आले. स्कॉलॅस्टिक या प्रकाशन संस्थेने १९८१ मध्ये तेथे या व्यवसायात प्रवेश केला. या पद्धतीत विक्रीचा काही भाग रोख रकमेच्या अथवा पुस्तकांच्या रूपाने शाळेला मिळतो. शाळेच्या दृष्टीने हा सोयीचा मार्ग आहे; पण जितकी विक्री अधिक तितका शाळेचा लाभ अधिक, असे समीकरण एकदा बसले की रिकाम्या खिशाने आलेले मूल हिशेबातून गळते. ते टेबलाभोवती फिरते, पुस्तक हाती घेते आणि परत ठेवते. शेजारच्या मुलाजवळ पिशवी असते. दुकानांतील नोकर, हमाल आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची मुले ज्या शाळांत शिकतात, तेथे हा प्रश्न एकदोघा मुलांपुरता राहत नाही.

येथे कायद्याचा आधार घेता येतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, अशी तरतूद आहे. याच अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवून अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचे काम समितीकडे सोपविले. विनाअनुदानित खासगी शाळांना समितीचे हे बंधन नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत समितीचे काम सल्ल्यापुरते आहे. जॉर्ज टाउनसारख्या जुन्या मिशनरी शाळांच्या भागात हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. तेथे पालक-शिक्षक संघाने पुढाकार घ्यावा.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांसाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांचे ग्रंथालय अनुदान ठेवण्यात आले. समजा, एखाद्या प्राथमिक शाळेला ५ हजार रुपये मिळाले आणि एका चित्रपुस्तकाची सरासरी किंमत ५० रुपये धरली, तर शंभर पुस्तके येतात. ही शंभर पुस्तके कार्यालयात बसून एखाद्या यादीवरून मागविता येतात. तीच मेळ्यात शंभर मुलांना एकेक चिठ्ठी देऊन, प्रत्येकाला एक पुस्तक निवडू देऊनही घेता येतात. पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात जमा होते, आतल्या पानावर निवडणाऱ्या मुलाचे नाव राहते. हमालाच्या मुलाची चिठ्ठी आणि व्यापाऱ्याच्या मुलाची चिठ्ठी सारख्याच किमतीची असते. विक्रेत्याने दिलेली सवलत किती, शाळेच्या वाट्याची पुस्तके कोणती, याचा ताळेबंद समितीतील पालकांनी पाहावा आणि फलकावर लावावा.

प्रदर्शनाच्या दिवशी

मुलांच्या निवडीत मात्र पालकांनी ढवळाढवळ करू नये. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी विद्यार्थिदशेत, १९५३ मध्ये, जॉर्ज टाउनला लागून असलेल्या मूर मार्केटमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेले ‘लाइट फ्रॉम मेनी लॅम्प्स’ हे पुस्तक आयुष्यभर सोबत बाळगले. ते त्यांचे त्यांनी शोधले होते. (मूर मार्केटची इमारत १९८५ मध्ये आगीत नष्ट झाली.) त्याही पूर्वी याच परिसरातील गुजिली बाजारात अत्यल्प किमतीच्या तमिळ पुस्तिका विकल्या जात. गाणी, गोष्टी, ताज्या घटनांवरील पदे असा त्यांतला मजकूर विद्वानांना हलका वाटे. परंतु सामान्य माणसे तो मोठ्याने वाचून इतरांना ऐकवीत. आपल्याला क्षुल्लक वाटणारे पुस्तक मुलाने उचलले, तर या पुस्तिकांचे स्मरण ठेवावे.

मेळ्याची वेळ हा तसा साधा वाटणारा, पण निर्णायक मुद्दा आहे. सकाळी दहा ते चार या वेळेत भरणाऱ्या मेळ्याला रोजंदारीवरचा पालक येऊ शकत नाही. चेन्नईचा मोठा ग्रंथमेळा १९७७ मध्ये एका शाळेच्याच आवारात, अण्णा सालैवरील मदरसा-ए-आझम येथे सुरू झाला आणि पोंगलच्या सुट्ट्यांशी त्याची सांगड बसली. कुटुंबेच्या कुटुंबे तेथे जाऊ लागली, त्यामागे सुट्टीचाही वाटा आहे. महाराष्ट्रात डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळांत पाळला जातो. त्या सुमारास मेळा घेणाऱ्या शाळांनी एक तरी संध्याकाळ अथवा रविवार पालकांसाठी राखून ठेवावा. दिवसा मुलांनी आपापली पुस्तके निवडावीत, आणि संध्याकाळी त्यांनीच आईवडिलांना ती दाखवावीत.

ज्या पालकांना वाचता येत नाही, ते अशा ठिकाणी येण्यास संकोचतात. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात सतरंजी अंथरून गोष्ट सांगण्याची सोय करता येईल. राजस्थानातून आलेली आजी मारवाडीत गोष्ट सांगेल, वरच्या वर्गातील मुले ती तमिळमध्ये लिहून घेतील, आणि अँडरसन रस्त्यावरून आणलेल्या कागदावर उतरवून शिवलेली ती पुस्तिका, क्रमांक घालून, ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढविता येईल.