घरची कणगी

बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात दिंद्रुड नावाचे गाव आहे. फाल्गुन लागला, की या परिसरातील काळ्या रानांत रब्बी ज्वारीची काढणी सुरू होते. पूर्वी खळ्यावर बैलांच्या पायांखाली मळणी चालत असे; आता ते काम यंत्र काही तासांत उरकते. तथापि धान्य घरी आल्यावर घरातील वडीलधारी बाई जे करते, त्यात फारसा फरक पडलेला नाही. ती राशीतून मूठभर ज्वारी घेते आणि एक दाणा दातांखाली धरते. दाणा कट्कन फुटला, तरच धान्य साठवणीस योग्य समजावयाचे. तो नुसता दबला, तर सारी रास पुन्हा उन्हात पसरावयाची. ओलसर राहिलेल्या धान्याला पावसाळ्यात बुरशी येते आणि सोंडे लागतात, हे तिला पुस्तकावाचून ठाऊक असते.

वाळलेले धान्य ठेवण्याच्या जागा मराठवाड्यात निरनिराळ्या होत्या. जमिनीत खोल खणलेले ते पेव. जुन्या वाड्यांच्या बांधकामात धान्यासाठी राखलेली पोकळी ते बळद. आणि बांबूच्या कामट्यांची किंवा तुराट्यांची विणून शेणामातीने लिंपलेली ती कणगी. पेव उघडले, की लगेच कोणी आत उतरत नसे. कारण तेथे कोंडलेल्या दूषित हवेने माणूस गुदमरून मरतो. आता पेवे बुजली, बळदे वाड्यांबरोबर ढासळली आणि कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली. धान्याच्या थरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची रीत मात्र पुष्कळ घरांत टिकून आहे.

एवढा खटाटोप कशासाठी करावयाचा? दुकानात हवी तेव्हा ज्वारी मिळते, मग ती घरात साठवून जागा कशाला अडवावी? या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने मिळते. पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो ज्वारी लागते असे धरू. वर्षाची ज्वारी सुमारे साडेपाच क्विंटल झाली. सुगीत बाजारात माल भरपूर येतो, त्या वेळी भाव उतरलेले असतात. श्रावण-भाद्रपदात ते बहुधा चढतात. किलोमागे पाचच रुपयांचा फरक पडला, तरी साडेपाच क्विंटलांमागे पावणेतीन हजार रुपये होतात. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्यानेही सुगीत निदान चार महिन्यांची बेगमी केली, तर त्या प्रमाणात त्याचा पैसा वाचतो. अर्थात त्यासाठी सुगीत हातात रोकड असावी लागते, आणि गरिबाची अडचण नेमकी तेथेच असते. थोडे थोडे घेणाऱ्यालाच अधिक दाम मोजावे लागतात. तेही रोख नसले, म्हणजे दुकानदाराच्या वहीत उधारी चढते. आणि उधारीवर माल नेणाऱ्याला भावाची घासाघीस करता येत नाही.

शेतकऱ्याच्या घरी तरी हा प्रश्न उद्भवू नये, असे कोणास वाटेल. पूर्वी तो फारसा उद्भवतही नसे. ज्वारीच्या रानात करडईची पाती असत. करडई काटेरी असल्यामुळे कडेने पेरली, की गुरे आत शिरत नसत, आणि घाण्यावरून वर्षाचे तेलही मिळे. कपाशीत तुरीच्या ओळी असत. बांधाला अंबाडी असे. तिच्या पाल्याची भाजी होई आणि तिच्याच वाखाचे दोर वळले जात. एका शेतातून अर्धे वाणसामान घरी येई. पुढे ऊस, कापूस, सोयाबीन या पैशाच्या पिकांनी रान व्यापले. हाती पैसा आला हे खरे. परंतु ज्याच्या शेतात तूर पिकत असे, तोच आता पिशवी घेऊन डाळीसाठी दुकानाच्या पायऱ्या चढू लागला.

काटकसर म्हणजे पोट मारणे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी आणि कांदा हे ताट स्वस्त आहे. पण ते दरिद्री नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम, तुरीच्या डाळीत सुमारे बावीस ग्रॅम आणि शेंगदाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत जो घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून भाकरी आणि वरण एकत्र खाल्ल्याने शरीराची वाढ अधिक चांगली होते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातल्या लोकांनाही या भाकरीची महती कळली.

आता शाळेच्या वाटेवरील दुकानात टांगलेल्या चकचकीत पाकिटांकडे पाहू. पाकिटावर निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने आवश्यक आहे. पण ती वाचतो कोण? वीस ग्रॅमचे पाकीट दहा रुपयांस घेतले, तर तो माल किलोला पाचशे रुपयांनी पडला. भाजलेले दाणे दीडशे रुपये किलो धरले, तरी त्याच दहा रुपयांत सहासष्ट ग्रॅम येतात. रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षाचे तीन हजार सहाशे पन्नास रुपये होतात. सुगीत ज्वारी भरून जे वाचले, ते सारे या वाटेने जाऊन वर आणखी गाठचेही जातात.

चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हाचाही घरोघरी उपयोग करून घेतात. अंगणात पापड, कुरडया आणि सांडगे वाळत असतात. हरभऱ्याचा कोवळा पाला थंडीतच खुडून, वाळवून ठेवलेला असतो. भाजी महागली, की तो डब्यातून बाहेर निघतो. याच दिवसांत येसर करतात. धान्य व डाळ भाजून, धने-मिरे इत्यादी मसाल्यांसह दळून ठेवलेले हे पीठ होय. ऐन वेळी पाहुणा आला आणि घरात भाजी नसली, तर उकळत्या पाण्यात येसर कालवून, वर लसणाची फोडणी दिली, की झणझणीत आमटी तयार होते. सकाळची भाकरी उरली, तर ती कुस्करून कांद्याच्या फोडणीत परततात. पुष्कळ मुलांना ती ताज्या भाकरीहून अधिक आवडते.

एखाद्या घरी मुलाने ताटात तुकडा टाकला, तर आजी म्हणते, “बाळा, तेवढा तुकडा खाऊन घे. बहात्तर साली आम्ही मिलो खाल्ली आहे.” १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कणग्या रिकाम्या झाल्या होत्या. परदेशातून आणलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर आणि सुकडीवर लोकांनी दिवस काढले. खडी फोडण्याच्या कामावर त्या वेळी लहान मुलेही आईबापांबरोबर जात.

या साऱ्या काटकसरीत एक गोष्ट हिशेबाबाहेर राहते. वाळवणे, पाखडणे, निवडणे, दळण आणणे, भाकऱ्या थापणे हे श्रम बहुधा एकट्या बाईच्या माथी पडतात. त्यांची मजुरी कोणी मांडीत नाही. डाळ निवडणे किंवा रात्री कडधान्य भिजत घालणे मुलग्यांनाही सहज जमते. भिजलेले कडधान्य लवकर शिजते, त्यामुळे इंधनही वाचते.

बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी दूरच्या साखर कारखान्यांकडे जातात. त्यांना नेणारा मुकादम मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो. तिला उचल म्हणतात. जमीन थोडी आणि पाऊस बेभरवशाचा, हे या स्थलांतराचे मोठे कारण. केवळ काटकसरीने ते थांबणार नाही. परंतु पावसाळ्यातली दुकानाची उधारी फेडण्यासाठीही कित्येक जण उचल घेतात, आणि मग पाचसहा महिने मुलांची शाळा सुटते. पावसाळा सरताच मुकादम गावोगाव फिरू लागतो. ज्या घरात दिवाळीनंतरही पुरेल एवढी ज्वारी शिल्लक असते आणि दुकानाच्या वहीत नाव नसते, त्या घरी तो पाणी पितो, चहा घेतो, पीकपाण्याची चौकशी करतो आणि पुढच्या घरी जातो.