नकुसा

माझ्या आज्जीचे नाव नकुसा आहे. नकुसा म्हणजे नको असलेली. पुस्तकी भाषेत नकोशी. लागोपाठ मुलीच झाल्या की शेवटच्या मुलीचे नाव नकुसा ठेवायचे, म्हणजे पुढे मुलगा होतो, असे लोक मानत. आज्जीच्या पाठीवर पण मुलगीच झाली!

गुरुजींनी सांगितले, सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना एका कार्यक्रमात नवीन नावे दिली. कुणी वैशाली झाली, कुणी ऐश्वर्या.

घरी येऊन मी विचारले, "आज्जी, तू कुठलं नाव घेशील?"

"आता काय करायचं गं? रेशनकार्डावर तेच हाय." मग भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "सुमन बरं वाटतंय."

काल मी "सुमनआज्जी" अशी हाक मारली. तिने लगेच ओ दिली.

— इयत्ता ४ थी, नेसरी