नकाशा पाहिला, आता हे वाच

दारव्हा,
12 मार्च

चि. बाळू,

तू पाठवलेला नकाशा मोबाईलवर बोटांनी मोठा करकरून पाहिला. खाली हॉल, स्वयंपाकघर, देवघर, एक बेडरूम आणि गेस्ट रूम. वर तीन बेडरूम, होम थिएटर आणि बाल्कनी. संडास-बाथरूम पाच. एकूण 2,400 चौरस फूट. राहणारे तुम्ही चौघे, हिवाळ्यात तुझे आई-बाबा आले तर सहा. सोबत तू लिहिलंस, "आत्या, आपल्या गावच्या वाड्यासारखं भरलेलं घर पाहिजे." त्या वाड्यात मी जन्मले आणि लग्न होईपर्यंत राहिले, म्हणून चार शब्द लिहिते. राग मानू नको. मानलास तरी शेवटपर्यंत वाच.

वाडा मोठा होता हे खरं. पण त्यात माणसांच्या वाट्याला किती जागा होती, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. ढाळज पाहुण्यांची आणि सालगड्यांची. डावीकडच्या दोन खोल्या दिवाळीनंतर कापसाने पार वरपर्यंत भरायच्या. भाव चढेल या आशेवर तुझे आजोबा तो फाल्गुनापर्यंत घरात ठेवायचे आणि तोवर आम्हा सगळ्या लेकरांच्या अंगाला खाज. आजही आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत हेच चालतं, माणसं ओसरीत आणि कापूस खोलीत. माजघरात ज्वारीच्या कणग्या, त्यामागे तूर, सरकी, ढेप, कोपऱ्यात वखर-डवऱ्याचं सामान. हे सगळं मांडून उरलेल्या जागेत वीसेक माणसं. माझ्या वाट्याला एक बाज होती आणि त्या बाजेवरही तुझे बाबा पायथ्याशी झोपायचे.

म्हणजे आपला वाडा अर्धा कोठार होता. ज्याच्या वावरात पीक येतं, त्याला कोठार लागतंच. तुझा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो, त्याला ठेवायला खोली लागत नाही.

आणि वाडा चालायचा कोणाच्या जोरावर? जमिनी शेणाने सारवायला तुझी आजी, दोन काकू आणि हाताखाली एक बाई. पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरायला दोन-तीन गडी. वाळवी लागलेली बल्ली बदलायला सुतार. बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या घराच्याच कामात असायच्या. माझी आई वाड्याचं कौतुक करताना मी कधी ऐकली नाही. कौतुक करायचे ते पुरुष, ढाळजेत बसून.

आता तुझ्या घरात झाडू कोणाच्या हातात येणार, ते सांग. सूनबाई सकाळी शाळेत जाते, दुपारी परतते. मे महिन्यात आपल्याकडे जी धूळ उडते, ती बंद खिडकीच्या फटीतूनही आत येते आणि कोणी न वापरलेल्या गेस्ट रूमच्या पलंगावरही तेवढीच बसते. सात-आठ पंख्यांची पाती, पाच बाथरूमच्या फरशा, जिन्याचा कठडा. कामाला बाई लावशील, ती खोल्या मोजून पैसे सांगेल आणि दर महिन्याला दोन-चार खाडे करेल. नकाशात तुझी हौस दिसते, पोरांची दिसते. सूनबाईचं म्हणणं मला कुठे दिसलं नाही.

पाण्याचं तर तुला मी सांगायला नको. 2018 चा उन्हाळा तू यवतमाळातच काढलास. निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली, नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, कुठे त्याहूनही उशिरा. बेंबळा धरणाचं पाणी शहरात आणायची योजना झाली, पण म्हणून पाणी निष्काळजीपणे वापरायचे दिवस आले असं समजू नको. आपल्या काळ्या खडकात बोअर लागेलच याची खात्री कोणी देत नाही. पाच बाथरूम धुवायलाच रोज किती बादल्या जातील, हिशेब कर. त्यात कूलर. खस लावलेला एक मोठा कूलर मे महिन्यात दिवसाला शंभर लिटर पाणी सहज पितो. चार बेडरूमना चार कूलर लावशील की सगळे उन्हाळाभर हॉलमधल्या एका कूलरसमोर गाद्या टाकून झोपाल? मला माहीत आहे, तुम्ही हॉलमध्येच झोपाल. मग वरच्या तीन बेडरूम कोणासाठी?

वरचा मजला उन्हाळ्यात तसाही राहण्याजोगा नसतो. 44-45 अंशांत दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत आत उष्णता सोडत राहतो. एसी लावलास तर महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, 100 युनिटच्या वर एक, 300 च्या वर आणखी चढा. जितक्या भिंती आणि जितकं छत उन्हाला देशील, तितकं थंड करण्याचे पैसे मोजशील.

आता जमीन. तुझा प्लॉट काळ्या मातीतला आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या लहानपणी तू काठी घालून मोजायचास. तीच माती घराखालीही तेच करते. लांबलचक भिंती आणि अवजड दोन मजले यांच्यासाठी पाया खोल न्यावा लागतो किंवा अंडर-रीम पाइल घ्यावे लागतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हे तळाशी फुगीर असलेले खांब अशाच मातीसाठी विकसित केले. त्यांना खर्च येतो. पायात पैसे वाचवून वर होम थिएटर काढलेली घरं मी पाहिली आहेत. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दरवेळी पुट्टी भरायची, दरवेळी ती पुन्हा उघडायची.

पैशाचा हिशेब तूच दिलास, मी फक्त गुणाकार केला. ठेकेदार फुटाला 1,800 म्हणतो, म्हणजे 43 लाखांवर गेलं. तुझ्याजवळ 13 आहेत, 30 कर्ज. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता सुमारे 26,000 आणि एकूण फेड साडेबासष्ट लाखांच्या घरात. हेच घर 950 फुटांचं केलंस तर खर्च 17 लाखांच्या आसपास, कर्ज चारेक लाख, पाच वर्षांत साडेआठ हजारांच्या आतल्या हप्त्याने मोकळा. पहिल्यात व्याजच साडेबत्तीस लाख, दुसऱ्यात एक लाखही नाही. पोरगी नववीत आहे. तिच्या शिक्षणाचे पैसे ऐन लागतील तेव्हा तू होम थिएटरचे हप्ते भरत असशील.

लहान घराचे गोडवे मी गाणार नाही. वर्धेपलीकडे सेवाग्रामची बापूकुटी आहे, तिचा दाखला सगळे देतात. पण तू गांधीजी नाहीस आणि तुझ्या पोरांना अभ्यासाला टेबल लागतं. 2011 च्या जनगणनेत देशातली सुमारे 37 टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. सरकारी घरकुल 269 चौरस फुटांचं. त्यात सहा माणसं, एक आजारी म्हातारी आणि दहावीचा पोरगा असला की काय होतं, ते मी माझ्या शाळेतल्या लेकरांच्या घरी जाऊन पाहिलं आहे. जागेची चणचण माणसाला खाते. पण ती तुझ्यापुढे नाही. तुझ्यापुढची अडचण उलटी आहे. अमेरिकेत नव्या घराचं सरासरी क्षेत्रफळ तुझ्या नकाशाएवढंच, 2,400 फुटांच्या आसपास, आणि घरात सरासरी अडीच माणसं. तरी तिथे सामान ठेवायला भाड्याच्या खोल्यांचा मोठा धंदा चालतो. रिकामी खोली रिकामी राहत नाही, बाळू. तुटकी खुर्ची, जुना टीव्ही, लग्नातल्या भेटवस्तूंचे खोके तिथे जाऊन बसतात.

म्हणून माझं म्हणणं असं. प्लॉट 40 बाय 60 चा आहे, तो सगळा बांधून टाकू नको. दोन बेडरूम, मोकळं स्वयंपाकघर, मुलांसाठी अभ्यासाची एक लहान खोली, आणि समोर खरीखुरी ओसरी, चार खुर्च्या आणि एक बाज मावेल अशी. आई-बाबांची सोय खालीच कर, त्यांचे गुडघे जिना चढणार नाहीत आणि वीस वर्षांनी तुझेही नाहीत. पश्चिमेला खिडक्या कमी ठेव आणि त्या बाजूला कडुनिंब लाव. 950 फुटांच्या छतावरूनही पावसाळ्यात 60 हजार लिटरच्या आसपास पाणी शोषखड्ड्यात सोडता येतं, ते बोअरजवळ सोड. पुढे पोरं इथेच राहिली तर वर चढवता येईल इतका पाया आणि कॉलम आत्ताच पक्के कर. कॉलमच्या सळ्या मात्र उघड्या सोडू नको, गंजतात. कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून ठेव. पोरं पुण्याला गेली, आणि आपल्याकडची बहुतेक जातात, तर वरचा मजला बांधला नाही याचं तुला कधी वाईट वाटणार नाही.

लोक काय म्हणतील, हे तू लिहिलं नाहीस, पण ओळींच्या मधे ते आहे. वास्तुशांतीला लोक एकदा येतील, जेवतील, फरशीचं कौतुक करतील आणि जातील. हप्ता दर महिन्याला येईल.

अक्षय तृतीयेला पायाभरणी करायची म्हणतोस. हाती थोडे आठवडे आहेत. नगर परिषदेत नकाशा दाखल करण्याआधी तो सूनबाईसमोर ठेव, हातात पेन्सिल दे आणि तिला जी खोली नको असेल ती खोडू दे. तू मधे बोलू नको. मग तो नकाशा घेऊन दोघेही इकडे या.

तुझी,
आत्या