शाळेतील चित्रांच्या फाइली : त्यांचे प्रकार, रूपांतर व निवड

प्राथमिक शाळेच्या कामकाजात छायाचित्रास आज जे स्थान आले आहे, ते पूर्वी कधीही नव्हते. शिष्यवृत्तीचा अर्ज, पोषण आहाराचा अहवाल, वृक्षारोपणाचा समारंभ, फळ्यावर काढलेली आकृती, जनरल रजिस्टरातील जुन्या पानाची नक्कल, या सर्वांचे चित्र शिक्षकाच्या भ्रमणध्वनीतूनच निघते आणि तेथूनच केंद्राकडे व तालुक्याकडे जाते. चित्र काढणे सोपे झाले आहे. परंतु काढलेले चित्र कोणत्या स्वरूपात जपून ठेवावे आणि कोणत्या स्वरूपात पाठवावे, याचा विचार फारसा होत नाही. समारंभाच्या छायाचित्राबाबत ही उपेक्षा चालून जाते. नोंदवहीच्या पानाबाबत ती चालत नाही. जन्मतारखेतील १ आणि ९ यांत फरक असतो तो एका लहानशा वळणाचा. ‘शिंदे’ आणि ‘शिदे’ यांत फरक एका टिंबाचा. ते वळण व ते टिंब चित्रातून नाहीसे झाले, तर त्याचा परिणाम एखाद्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर व पुढे त्याच्या हक्कांवर होतो.

संगणकातील चित्र हे बारीक चौकटींच्या जाळीसारखे असते. प्रत्येक चौकटीस पिक्सेल म्हणतात, व प्रत्येकीचा रंग साधारणतः तीन अंकांनी लिहिला जातो. भ्रमणध्वनीने काढलेल्या ४००० गुणिले ३००० अशा छायाचित्रात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. ते जसेच्या तसे लिहावयाचे म्हटल्यास ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे सुमारे ३६ मेगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षात फाइल तीन-चार मेगाबाइटांचीच भरते, याचे कारण ती संक्षेप करून लिहिलेली असते. फाइलींचे निरनिराळे प्रकार म्हणजे मुख्यतः संक्षेपाच्या निरनिराळ्या रीती होत.

संक्षेपाच्या रीतींचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील रीतीने लिहिलेले चित्र उलगडले असता मूळचा प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळतो. दुसऱ्या वर्गातील रीत डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते. टाकलेला तपशील पुन्हा मिळत नाही. हा भेद मुलांस, आणि खरे तर मोठ्यांसही, समजावून देण्याचा उत्तम उपाय चौकटीचा कागद हा आहे.

इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गात पुढील पाठ एका तासिकेत होतो. कागदावर आठ गुणिले आठ अशा ६४ चौकटी आखून घ्याव्यात व त्यांत काही चौकटी काळ्या करून ९ हा अंक काढावा. एका विद्यार्थ्याने कागद हाती धरून प्रत्येक ओळ मोठ्याने सांगावी : “दोन पांढऱ्या, तीन काळ्या, तीन पांढऱ्या.” दुसऱ्याने कागद न पाहता आपल्या रिकाम्या जाळीत ती भरावी. आठ ओळी संपल्यावर दोन्ही कागद शेजारी धरले असता ते तंतोतंत जुळतात. चौसष्ट वेळा “पांढरी, काळी” म्हणण्याऐवजी थोडक्या शब्दांत काम झाले आणि हरवले काहीच नाही. हा पहिला वर्ग. आता त्याच चित्राचे दोन गुणिले दोन असे सोळा गट पाडावेत. सांगणाऱ्याने प्रत्येक गटाबद्दल एवढेच सांगावे की, त्यात काळ्या चौकटी अधिक आहेत की नाहीत. अधिक असल्यास ऐकणाऱ्याने चारही चौकटी काळ्या कराव्यात, नसल्यास चारही पांढऱ्या ठेवाव्यात. सोळा शब्दांत काम संपते. परंतु या दुसऱ्या कागदावर उमटलेला अंक ९ आहे, १ आहे, की नुसता डाग आहे, याविषयी वर्गात वाद सुरू होतो. तो अवश्य होऊ द्यावा. नंतर मुलांना एकच प्रश्न विचारावा : हा दुसरा कागद कितीही स्वच्छ, कितीही मोठ्या कागदावर पुन्हा उतरविला, तर पहिला अंक परत येईल काय? उत्तर मुले स्वतःच देतात.

सर्वाधिक प्रचारात असलेला जेपीईजी हा प्रकार दुसऱ्या वर्गातील आहे. मात्र त्याची रीत वरील खेळापेक्षा पुष्कळच सूक्ष्म आहे. त्याचे नाव तो तयार करणाऱ्या तज्ज्ञमंडळाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडले असून त्याचे प्रमाण १९९२ साली ठरले. योगायोग असा की, तोही चित्राचे आठ गुणिले आठ असेच तुकडे पाडतो. प्रत्येक तुकडा तो ठोकळ व बारीक अशा ठरावीक नमुन्यांच्या मिश्रणाने मांडतो आणि त्यांतील बारीक नमुन्यांवर कमी खर्च करतो किंवा ते साफ गाळतो. या रीतीच्या मुळाशी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ नावाचे गणित आहे. ‘कोज्या’ हे फल त्रिकोणमितीत शिकविताना त्याचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे हे एक उत्तर घरोघरी खिशात आहे. हे गणित सुचविले ते बंगळूर येथे जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. अमेरिकेत अध्यापन करीत असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवरील संशोधनासाठी तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे साहाय्य मागितले, ते मिळाले नाही. तरीही काम चालू राहिले व १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

माणसाचा चेहरा, शेत, आकाश यांत रंग हळूहळू बदलत जातो. तेथे बारीक नमुने गाळले तरी डोळ्यांस उणीव भासत नाही, म्हणून छायाचित्रास जेपीईजी योग्य. शाईच्या अक्षराची गोष्ट उलट आहे. कागदाची पांढरी बाजू संपून काळी रेघ एकाएकी सुरू होते. हा एकाएकी होणारा बदल दाखविण्यास बारीक नमुनेच लागतात. ते गाळले की अक्षराच्या कडेभोवती धुरकट ठिपके जमतात, आणि प्रतीचा दर्जा आणखी उतरविला तर टिंब कोणते व धूर कोणता हे ओळखू येत नाही.

रेखाचित्रे, नकाशे, संगणकावर तयार केलेली कोष्टके, पडद्याची टिपलेली प्रतिमा यांसाठी म्हणून पीएनजी हा प्रकार निवडावा. तो पहिल्या वर्गातील आहे. त्याच्या जन्माची कथाही बोधक आहे. १९८७ सालच्या जिफ या प्रकारातील संक्षेपरीतीवर एका कंपनीचे पेटंट होते, आणि १९९४ च्या अखेरीस तिच्या वापराबद्दल शुल्काची मागणी पुढे आली. तेव्हा अनेक जाणत्यांनी मिळून कोणासही मुक्तपणे वापरता येईल असा पर्याय रचला, तोच पीएनजी. १९९६ मध्ये तो प्रमाण म्हणून मान्य झाला. जिफमध्ये एका चित्रात २५६ हून अधिक रंग बसत नाहीत, यास्तव छायाचित्रासाठी तो घेऊ नये. हलत्या लहान चित्रांपुरता तो ठीक आहे. टिफ हा प्रकार ग्रंथालये व अभिलेखागारे जपणुकीच्या प्रतींसाठी वापरतात. शाळेस त्याची गरज क्वचितच पडेल. आयफोनमध्ये २०१७ पासून आढळणारा एचईआयसी प्रकार जागा कमी घेतो, पण पुष्कळ जुन्या संगणकांवर उघडत नाही, म्हणून पाठविण्यापूर्वी त्याचे जेपीईजी करून घ्यावे. पीडीएफ हा चित्राचा प्रकार नसून वेष्टन आहे. आत ठेवलेले चित्र अस्पष्ट असेल, तर वेष्टनाने ते स्पष्ट होत नाही.

रूपांतराविषयी दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. फाइलीच्या नावातील ‘जेपीजी’ ही अक्षरे पुसून ‘पीएनजी’ अशी लिहिली म्हणजे रूपांतर झाले, हा पहिला. ते केवळ पाटी बदलणे होय. आतील माल तोच राहतो. संगणकातील ‘पेंट’सारख्या साधनात चित्र उघडून, ‘सेव्ह ॲज’ करून, नवा प्रकार निवडल्यासच रूपांतर होते. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे : अस्पष्ट जेपीईजीचे पीएनजी केले म्हणजे ते सुधारते. सुधारत नाही. एकदा गळलेले वळण पीएनजी कोठून आणणार? तो फक्त त्या धुरकट चित्राची बिनचूक नक्कल ठेवतो, आणि फाइल मात्र कित्येक पट मोठी होते. एक उपयोग मात्र खरा आहे. चित्रावर अनेक बैठकांत काम करावयाचे असेल, कातरणे, उजेड वाढविणे, पुन्हा लहान करणे, तर मधल्या प्रती पीएनजीत ठेवाव्यात व अखेरीस एकदाच जेपीईजी करावे. कारण प्रत्येक बदलानंतर जेपीईजीत पुन्हा साठविताना तपशील पुन्हा गळतो.

संक्षेपाने केवळ धूसरपणा येतो, आकडा बदलत नाही, असे कोणास वाटेल. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रिझेल या संगणकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, एका प्रख्यात बनावटीचे कार्यालयीन यंत्र कागदांच्या प्रती काढताना आकडेच बदलत आहे. घराच्या नकाशात एका खोलीचे क्षेत्रफळ २१.११ चौरस मीटर होते, ते प्रतीत १४.१३ छापले गेले. अन्यत्र ६ चा ८ झाला. जागा वाचविण्यासाठी ते यंत्र एकमेकांसारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवीत होते. ही रीत जेपीईजीची नव्हे, निराळी आहे. तिचा विशेष धोका असा की, बदललेला आकडा धुरकट नव्हता, अगदी स्वच्छ होता. पाहणाऱ्यास शंका येण्याचे कारणच उरले नाही.

यास्तव जनरल रजिस्टराच्या पानाचे चित्र घेताना पान सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, सावली न पडू देता, भ्रमणध्वनीच्या पूर्ण आकारमानात चित्र काढावे. ती मूळ फाइल वेगळ्या पेटीत, पेन ड्राइव्हवर किंवा शाळेच्या संगणकावर, नावात वर्ष व पृष्ठक्रमांक घालून ठेवावी व तिला पुन्हा हात लावू नये. अर्जस्थळावर ठरावीक किलोबाइटांच्या आतील जेपीईजी मागितलेले असते, तेव्हा मूळ फाइलीची प्रत घ्यावी. प्रथम नको असलेला भाग कातरावा, मग लांबी-रुंदी कमी करावी, आणि एवढ्याने भागले नाही तरच दर्जा उतरवावा. पुष्कळदा कातरण्यानेच काम होते. पुढच्या वेळी निराळी मर्यादा असेल तर लहान केलेल्या प्रतीवरून नव्हे, मुळावरूनच नवी प्रत करावी.

व्हॉट्सॲपवरून चित्र ‘फोटो’ म्हणून पाठविले असता ते आपोआप लहान होते. शिक्षकाकडून केंद्रप्रमुखाकडे व तेथून तालुक्याकडे जाताना कोणी त्याची पडद्यावरील प्रतिमा टिपून पुढे पाठविली, तर आणखी तपशील गळतो. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. नोंदवहीची पाने याच मार्गाने पाठवावीत. फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर ती चढवू नयेत, कारण त्यांवर मुलांची नावे, जन्मतारखा व जाती असतात, आणि चढविलेली प्रत पुढे कोणाच्या हाती राहते हे शिक्षकास कळण्याचा मार्ग नाही.

जुन्या वह्यांतील काही नोंदी मोडीत आहेत, काहींची शाई उडाली आहे. तेथे चित्र कितीही चांगले आले तरी ते पुरेसे नसते. चित्राबरोबर मूळ वही समोर ठेवून केलेली वाचनाची नक्कल, तारीख अंकांत व अक्षरांत अशी दोन्ही लिहून, जोडावी. आणि जे अक्षर मुळातच लागत नाही, तेथे अंदाजाने न भरता ‘अस्पष्ट’ असे लिहावे.