शिष्यवृत्तीचा खोटा संदेश

‘फिशिंग’ हा इंग्रजी शब्द मासेमारीवरूनच घडला आहे; केवळ त्याचे स्पेलिंग निराळे. १९९० च्या दशकात ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांकडून, आपण कंपनीचेच कर्मचारी आहोत असे भासवून, पासवर्ड काढून घेतले जात. तेव्हापासून तो रूढ झाला. गळ तोच आहे. आमिष मात्र माणूस पाहून बदलते.

आमच्या वसतिगृहातील एका मुलीच्या आईसाठी ते आमिष शिष्यवृत्तीचे होते. ‘रक्कम मंजूर झाली आहे, आज सायंकाळपर्यंत खात्याची पडताळणी न केल्यास ती परत जाईल,’ असा संदेश शेतात काम करीत असतानाच त्यांच्या मोबाइलवर आला. खाली लिंक होती. ती उघडताच बँकेचे बोधचिन्ह असलेले पान दिसले. त्यांनी कार्डाचा क्रमांक भरला, पाठोपाठ ओटीपी आला, तोही त्यांनी त्याच पानावर भरला.

येथे थोडे थांबले पाहिजे. तो ओटीपी खोटा नव्हता. तो खऱ्या बँकेनेच पाठविला होता. बनावट पानावर भरलेला क्रमांक त्याच क्षणी पलीकडच्या भामट्याने खऱ्या व्यवहारासाठी वापरला होता, म्हणून तो आला. बँकेकडून ओटीपी आला, याचाच त्या माउलीला विश्वास वाटला. किती रक्कम जाणार आहे हे त्या संदेशात लिहिले होते, पण इंग्रजीत.

आमच्याकडेही थोडा दोष आहे. ‘आजच कागदपत्रे पाठवा’ असे संदेश आमच्या कार्यालयातूनही पालकांना जात असत. घाईच्या आज्ञेची सवय आम्हीच लावली होती.

रक्कम गेल्यावर त्या चार दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, मुलीशीही नाही. लाज वाटली, असे त्यांनी नंतर सांगितले. हेच चार दिवस फार महागात पडतात. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतो. १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार झाली, तर तो वाटेतच गोठविता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे; कळविल्यानंतरचे बँकेचे.

दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे किंवा संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे, यांस माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण आरोपी सापडला तर!

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या आदेशानंतर भारतीय बँकांच्या संकेतस्थळांची नावे ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारी झाली आहेत. नोकरीनिमित्त दूर असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर एवढी एक खूण आईवडिलांना प्रत्यक्ष मोबाइलवर दाखवावी.

आमचे कार्यालय आता पालकांना कोणतीही लिंक पाठवीत नाही. त्या आईंची रक्कम अद्याप परत आलेली नाही. पैशांचा कोणताही संदेश आला की त्या आधी वसतिगृहाच्या फोनवर मुलीला बोलावून घेतात.