अंगच्या गुणांची मशागत

"आपल्याच्याने हे व्हायचे नाही" हे वाक्य आपल्या घरांतून किती वेळा उच्चारले जाते, याचा एकदा विचार करा. मुलगी गणितात नापास झाली की हे वाक्य येते. बँकेत अर्ज करावयाचा झाला की येते. ग्रामसभेत उभे राहून दोन शब्द बोलण्याची पाळी आली की येते. हे वाक्य खरे असते काय? आणि ते आपल्या तोंडी आले कोठून? या पाठात आपण मानसशास्त्राच्या आधाराने या प्रश्नांचा विचार करू आणि अंगचे गुण वाढविण्याचे उपाय पाहू.

१. हताशपणा येतो कोठून?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मेयर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांना विजेचे झटके दिले गेले. एका गटातील कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून झटका थांबविता येत होता. दुसऱ्या गटाला तितकेच झटके बसले, पण काहीही केले तरी ते थांबत नव्हते. पुढे सर्वांना अशा पेटीत ठेवले की, मधला लहानसा अडसर ओलांडला म्हणजे सुटका व्हावी. पहिल्या गटातील कुत्री उडी मारून सुटली. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्री वाट मोकळी असूनही जागच्या जागी निपचित पडून राहिली. प्रयोग क्रूर होता, यात शंका नाही. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. दोन्ही गटांना त्रास सारखाच झाला होता. खचले ते मात्र तेच, ज्यांच्या प्रयत्नाला कधीच फळ आले नव्हते.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निपचित पडलेल्या कुत्र्यांना दोरीने ओढून पुन्हा पुन्हा पलीकडे नेले, तेव्हा ती हळूहळू स्वतः उडी मारू लागली. याच दोन संशोधकांनी २०१६ साली, मेंदूच्या अभ्यासातून मिळालेल्या माहितीच्या आधारे, आपला जुना निष्कर्ष बदलला. दीर्घकाळ मारा झाला की गप्प होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती "माझ्या हातात काही आहे" ही जाणीव, असे त्यांनी मांडले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या प्रयत्नाला समाजाने फळ येऊ दिले नाही, त्यांच्या तोंडी "व्हायचे नाही" हे वाक्य आले तर तो त्यांचा दोष नव्हे. पण आत्मविश्वास शिकता येतो, आणि तो नुसत्या उपदेशाने येत नाही. मुलाला झेपेल एवढे काम द्या, ते त्याला स्वतः पुरे करू द्या आणि "हे तू केलेस" असे त्याला सांगा. पोस्टातला फॉर्म तुम्ही भरून देऊ नका. शेजारी बसा आणि त्याला भरू द्या.

२. गुणांची मोजदाद

१९९८ साली सेलिगमन अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. मानसशास्त्राने मनाचे रोग पुष्कळ अभ्यासले, आता मनाचे बळही अभ्यासावे, असा आग्रह त्यांनी धरला. यालाच सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. २००४ साली ख्रिस्तोफर पीटरसन व सेलिगमन यांनी माणसाच्या गुणांची एक मोठी सूची प्रसिद्ध केली. जगातील अनेक धर्म व तत्त्वज्ञाने अभ्यासून ती केली होती. त्यांत बौद्ध विचारही होता. प्रज्ञा, धैर्य, मानवता, न्याय, संयम आणि उदात्ततेची ओढ अशा ६ सदरांखाली २४ गुण त्यांनी मांडले. जिज्ञासा, चिकाटी, प्रामाणिकपणा, दयाळूपणा, न्यायबुद्धी, नेतृत्व, क्षमा, कृतज्ञता, आशा, विनोदबुद्धी ही त्यांतील काही नावे.

या सूचीत जन्माला कोठेही स्थान नाही. कोणत्या कुळात कोणता गुण, हे ठरवून देणाऱ्या व्यवस्थेचा आपण त्याग केला आहे. तेव्हा या मुद्द्याचे मोल तुम्हांला वेगळे सांगावयास नको. प्रत्येक माणसात काही गुण ठळक असतात. रोजमजुरी करून चार मुलांना शिकविणारी बाई "मला काय येते?" असे म्हणते. तिच्या अंगी चिकाटी आहे, काटकसरीचे शहाणपण आहे, पुढच्या दिवसांची आशा आहे. त्यांना कोणी नाव दिलेले नसते, एवढेच. नाव दिले की गुण दिसू लागतो, आणि दिसू लागला की तो जाणून वापरता येतो.

३. दोन अभ्यास

पहिला अभ्यास. रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे "ही का झाली?" याचे उत्तर लिहा. लिहिता येत नसेल त्याने सांगावे, मुलांनी लिहून घ्यावे. दुसरा अभ्यास. आपला एक ठळक गुण निवडा आणि आठवडाभर तो रोज नव्या रीतीने वापरा. विनोदबुद्धी असेल तर रुसलेल्या शेजाऱ्याला हसवा. शिकण्याची आवड असेल तर वस्तीतल्या एका मुलाला वाचावयास बसवा.

सेलिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली या अभ्यासांची पाहणी प्रसिद्ध केली. आठवडाभर अभ्यास केलेल्यांपैकी अनेकांच्या मनाची उदासी सहा महिन्यांनंतरही कमी राहिलेली आढळली. पुढे अनेक पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा परिणाम दिसला, पण तो लहान होता. म्हणून याला जादू समजू नका. ही मशागत आहे, आणि मशागत नित्य करावी लागते.

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम तुम्हांला ठाऊकच आहे. अकुशल विचार उपजू न देणे, उपजलेला टाकणे, कुशल विचार उपजविणे आणि उपजलेला वाढविणे असे त्याचे चार भाग आहेत. वरील अभ्यास शेवटच्या दोन भागांशी जुळतात.

४. विचार तपासणे

अकुशल विचार टाकावयाचा कसा? येथे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कामी येते. ती त्यांनी १९५५ च्या सुमारास अमेरिकेत मांडली. आपल्याकडे ती रुजविण्याचे मोठे काम मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी केले. एलिस यांचे म्हणणे असे की, घटना आणि दुःख यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो. समजा, सभेत बोलताना तुम्ही अडखळलात. ही घटना. "मी अडखळताच कामा नये, अडखळलो म्हणजे मी नालायक" हा विचार. पुन्हा कधी न बोलणे हा परिणाम. आता विचाराला प्रश्न करा: याला पुरावा काय? एकदा अडखळणारा माणूस सर्वस्वी नालायक कसा ठरतो? "अडखळलो, वाईट वाटले, पुढच्या वेळी तयारी करीन" हा विचार सत्याला धरून आहे. जो विचार तपासणीत टिकत नाही, तो सोडून द्यावा.

५. उपचाराची लाज नको

गुणांवर आधारलेली मानसोपचाराची पद्धतीही आहे. तय्यब रशीद व सेलिगमन यांनी ती तयार केली. तिच्या आरंभी रुग्णाला आपल्या व्याधीबरोबरच, आपण आपल्या उत्तम रूपात वागलो त्या प्रसंगाची गोष्ट सांगावयास लावतात. रोगाबरोबर बळही पाहावे, हा त्यातील हेतू.

मात्र एक सूचना काळजीपूर्वक वाचा. घरातील कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप व भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्याला "चांगले विचार कर" असे सांगून मोकळे होऊ नका. हा आजार आहे. देवऋषी व अंगारा यांत दिवस घालवू नका, डॉक्टरकडे न्या. शासकीय सेवेतून मानसोपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीत विनामूल्य सल्ला घेता येतो.

६. मर्यादा

गुण वाढवा म्हणजे अन्याय निमूटपणे सोसा, असा अर्थ कोणी काढू नये. कामाची मजुरी मिळाली नाही तर कृतज्ञतेची वही लिहून ती मिळणार नाही. त्यासाठी मागणी व संघटनाच हवी. वरील सूचीत धैर्य आणि न्याय ही सदरे आहेत, हे विसरू नका. मन बळकट करावयाचे ते उभे राहण्यासाठी.

या पंधरवड्याचा अभ्यास

१. घरातील प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकाचा एक गुण, तो दिसला त्या प्रसंगासह, सांगावा. लहान मुलांनीही वडीलधाऱ्यांचा सांगावा.
२. सात रात्री तीन चांगल्या गोष्टी व त्यांची कारणे लिहावी.
३. "आपल्याच्याने व्हायचे नाही" असे ज्या कामाविषयी वाटते, ते एक काम निवडावे, त्याचे लहान तुकडे करावे आणि पहिला तुकडा याच पंधरवड्यात पुरा करावा.