कॅमेऱ्याची निवड : आधीं भिंग, मग पेटी

छायाचित्रणाचा छंद ज्यास लागला त्याच्या मनांत पहिला प्रश्न उद्भवतो तो असा कीं, कॅमेरा कोणता घ्यावा? आमच्या शाळेंतील विद्यार्थी हा प्रश्न वारंवार विचारतात, आणि विचारतांना त्यांच्या हातांत बहुधा किंमतींची एखादी यादी असते. प्रश्न साहजिक आहे. परंतु त्याची मांडणी उलटी आहे असें मला वाटतें. कॅमेरा म्हणून जी वस्तु आपण विकत घेतों ती वास्तविक दोन वस्तूंची जोडी होय. एक पेटी, जिला व्यापारी लोक बॉडी म्हणतात. आणि दुसरें तिच्या तोंडाशीं बसविलेलें भिंग, म्हणजे लेन्स. मुलांचें सर्व लक्ष पेटीकडे असतें. चित्राचा बरेवाईटपणा मात्र पुष्कळ अंशीं भिंगावर अवलंबून असतो. घरून मिळणारी रक्कम बेताची असते व ती वारंवार मिळत नाहीं. म्हणून तिचा मोठा वांटा कोठें खर्चावा याचा विचार आधींच करणें अवश्य आहे.

ह्या दोहोंचीं कामें निरनिराळीं आहेत. भौतिकशास्त्राच्या तासाला आपण बहिर्वक्र भिंग हातांत धरून समोरच्या खिडकीची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडतों. खिडकी उलटी दिसते. तिचे गज, बाहेरचें झाड, झाडामागचें आकाश हें सारें त्या चिमुकल्या चित्रांत उतरतें. कॅमेरा म्हणजे हाच प्रयोग अंधाऱ्या डब्यांत केलेला. भिंग प्रकाश गोळा करून प्रतिमा बनवितें. पेटी ठरलेल्या क्षणापुरता पडदा उघडते व ती प्रतिमा टिपून घेते. कागदाच्या जागीं पूर्वीं फिल्म असे, आतां बहुधा सेन्सर असतो. कागद कितीही उंची आणला तरी भिंगावर धूर बसलेला असेल तर खिडकी धूसरच उमटावयाची.

छायाचित्रणाच्या इतिहासांतही याचें एक ठळक उदाहरण आहे. इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें डागेर याची कृति जाहीर झाली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. इमारती व पुतळे यांचीं चित्रें उत्तम येत, कारण ते हालत नाहींत; जिवंत माणसाला मात्र तितका वेळ निश्चल बसविणें ही शिक्षाच होती. पुढल्याच वर्षीं व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक जोसेफ पेट्झव्हाल यांनीं गणिताच्या बळावर एक नवें भिंग आंखलें. आंकडेमोड इतकी अफाट होती कीं तीसाठीं तोफखान्यांतील हिशेबांत तरबेज असे शिपाई त्यांच्या मदतीस देण्यांत आले होते, असें सांगतात. फॉइग्टलेंडर यांच्या कारखान्यांत तयार झालेलें हें भिंग आधींच्या भिंगापेक्षां दसपटीहून अधिक प्रकाश आंत घेई. रासायनिक कृतींतही त्याच सुमारास सुधारणा झाली हें खरें. तरी माणसाचा चेहरा कॅमेऱ्याच्या आवांक्यांत आला त्यांत ह्या भिंगाचा वांटा फार मोठा होता.

भिंग जास्तींत जास्त किती प्रकाश आंत घेऊं शकतें हें त्याच्यावर छापलेल्या एका अंकावरून समजतें. त्यास एफ्-अंक म्हणतात, आणि तो समजून न घेतां भिंग विकत घेणें म्हणजे मापटें न पाहतां धान्य घेण्यासारखें आहे. भिंगाच्या नाभीय अंतरास त्याच्या प्रकाशछिद्राच्या व्यासानें भागलें असतां हा अंक मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र सुमारें २८ मिलिमीटर असेल तर अंक १.८ येतो. व्यास भाजकाच्या जागीं असल्यामुळें अंक जितका लहान तितका प्रकाश अधिक. ही गोष्ट नवशिक्यास नेहमीं चकविते. शिवाय प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर, अवलंबून असतो. त्यामुळें १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या क्रमांत प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो, पण अंक दुप्पट न होतां सुमारें १.४ पटीनें वाढतो. कारण २ चें वर्गमूळ तितकें आहे. वर्गमूळें कशासाठीं शिकायचीं असें विचारणाऱ्यांस हें एक उत्तर.

आतां उदाहरण घेऊं. स्नेहसंमेलनांत संध्याकाळीं रंगमंचावर ऐतिहासिक नाटक चाललें आहे व दिवे बेताचेच आहेत. नव्या कॅमेऱ्याबरोबर जें भिंग मिळतें तें बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचें असून त्याच्यावर ३.५ ते ५.६ असे अंक असतात. याचा अर्थ असा कीं, दूरचें जवळ आणण्यासाठीं तें ५५ पर्यंत फिरविलें म्हणजे त्याचें छिद्र ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. समजा, त्या उजेडांत पडदा सेकंदाचा १/२० भाग उघडा ठेवावा लागला. तेवढ्या वेळांत मावळ्याची तरवार वीतभर सरकते, आणि चित्रांत तिच्या जागीं पांढरा फराटा उमटतो. आतां त्याच पेटीवर ५० मिलिमीटरचें, १.८ अंकाचें साधें भिंग चढवा. ५.६ ला १.८ नें भागून वर्ग केला तर सुमारें ९.७ येतात, म्हणजे प्रकाश जवळजवळ दसपट मिळाला, व पडदा १/२०० सेकंदांत मिटतां येतो. तरवार तरवारीसारखी दिसते, नटाची मुद्राही दिसते. पेटी तीच आहे व दिवेही तेच आहेत.

यावर कोणी म्हणेल, महाग पेटी घेतली तरी हाच लाभ होईल. हिशेब करून पाहूं. साध्या पेटींतील सेन्सर सुमारें २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो, व फुल फ्रेम म्हणतात त्या महाग पेटींतील २४ × ३६ मिलिमीटरचा. दोहोंच्या क्षेत्रफळांचें प्रमाण सव्वादोनपटीहून किंचित् अधिक भरतें. सेन्सर मोठा तितका प्रकाश अधिक टिपला जातो व अंधाऱ्या भागांतील रवाळ ठिपके कमी होतात, हें निर्विवाद आहे. परंतु एकीकडे सव्वादोनपट लाभ व त्यासाठीं मोठी रक्कम, आणि दुसरीकडे दसपट लाभ व त्यासाठीं कित्येक कंपन्यांच्या यादींतील सर्वांत स्वस्त भिंगांपैकीं एक! हा व्यवहार ज्यास समजला त्यास दुकानांत फारसें कोणी फसवूं शकणार नाहीं.

अशा भिंगाचे दोषही सांगितले पाहिजेत. तें फिरवून दृश्य जवळ वा दूर करतां येत नाहीं. स्वतः चार पावलें पुढें-मागें व्हावें लागतें. माझ्या मतें शिकणाऱ्यास ही अडचण उपकारकच आहे, परंतु हें मत सर्वांस मान्य होणार नाहीं. दुसरें असें कीं, छिद्र पूर्ण उघडलें म्हणजे स्पष्टतेची खोली फार थोडी राहते. जवळून चेहरा टिपला तर डोळे रेखीव येतात आणि कान पुसट होतात.

नाभीय अंतराचा विचार सेन्सरच्या मापाबरोबर करावा लागतो. २४ × ३६ ची चौकट लायका कॅमेऱ्यानें रूढ केली. ऑस्कर बार्नाक यांचा तो कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आला. त्या चौकटीवर ५० मिलिमीटरचें भिंग साधारणतः स्वाभाविक वाटणारें दृश्य देतें, आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं आपलें बहुतेक काम अशाच एका भिंगावर केलें. लहान सेन्सर मात्र प्रतिमेचा मधलाच भाग घेतो; त्यामुळें तेंच भिंग ७५ मिलिमीटरसारखें वागूं लागतें. रंगमंचासाठीं व चेहऱ्यांसाठीं तें चांगलें; पण घरांत दहा माणसांचें चित्र घ्यावयाचें झालें तर मागें सरतां सरतां पाठ भिंतीला लागते. तेथें ३५ मिलिमीटरचें किंवा त्याहून आंखूड भिंग हवें. आणि गड, घाट, देवळें, समुद्रकिनारा यांचीं चित्रें दिवसाच्या उजेडांत घेणाऱ्यास तें पहिलें १८ ते ५५ चेंच भिंग ८ अंकावर ठेवून उत्तम काम देतें. त्याची उगीच निंदा करूं नये. दुसरें भिंग घेण्यापूर्वीं ह्या पहिल्यानें काढलेलीं शंभर चित्रें चाळून पाहावींत. प्रत्येक चित्राबरोबर त्या वेळचें नाभीय अंतर आपोआप नोंदलेलें असतें. जो अंक वारंवार दिसेल तोच आपल्या डोळ्यांचा कल समजावा.

पेटी लवकर म्हातारी होते, भिंग होत नाहीं. निकॉन कंपनीनें १९९९ सालीं धंदेवाईक छायाचित्रकारांसाठीं डी-१ नांवाची पेटी काढली. तींत सुमारें २७ लाख पिक्सेल, म्हणजे चित्रबिंदु, होते. आज साध्या फोनमध्येंही त्याहून अधिक असतात. परंतु तिच्या तोंडाशीं भिंग बसविण्याची जी खोबण होती, जिला माउंट म्हणतात, ती १९५९ पासूनची. आणि त्या जातीचीं कित्येक दशकांपूर्वींचीं भिंगें अजून काम देतात. चित्रबिंदूंच्या मोहाबद्दलही एक हिशेब सांगतों. ८ × १० इंचांचें चित्र दर इंचास ३०० बिंदु धरून छापावयाचें तर २४०० × ३०००, म्हणजे ७२ लाख बिंदु पुरतात. हल्लींच्या साध्या पेटींतही सुमारें २४० लाख असतात. ते दुप्पट केले तरी चित्राची लांबी व रुंदी प्रत्येकीं १.४ पटच वाढते.

माउंटची निवड मात्र विचारपूर्वक करावी, कारण पेटी बदलली तरी भिंगांमुळें आपण त्याच घराण्याशीं बांधले जातों. १९८७ सालीं कॅनन कंपनीनें आपला जुना माउंट सोडून नवा ईएफ् माउंट आणला, तेव्हां ज्यांच्याजवळ जुन्या भिंगांचा संच होता त्यांचीं भिंगें नव्या पेटीवर बसेनात. २०१८ सालीं कॅनन व निकॉन ह्या दोघींनींही आरसा नसलेल्या पेट्यांसाठीं नवे माउंट काढले. पण या वेळीं जुन्या भिंगांची सोय राहिली. तिचें कारण साधें आहे. आरसा गेल्यामुळें माउंटपासून सेन्सरपर्यंतचें अंतर कमी झालें. निकॉनच्या जुन्या पेटींत तें ४६.५ मिलिमीटर होतें, नव्या झेड माउंटमध्यें १६ मिलिमीटर आहे. मधले ३०.५ मिलिमीटर भरून काढणारें पोकळ कडें, म्हणजे अॅडॅप्टर, बसविलें कीं जुनें भिंग नव्या पेटीवर चालतें. उलट मात्र करतां येत नाहीं. नवें भिंग जुन्या पेटीच्या तितकें आंत शिरूं शकत नाहीं. आणखी एक सावधगिरी सांगतों. भिंग बसलें म्हणजे त्याचीं सर्व कामें चाललींच असें नव्हे. निकॉनच्या २००६ सालच्या डी-४० ह्या पेटींत फोकस फिरविणारी मोटर नव्हती. त्यामुळें स्वतःची मोटर नसलेलीं भिंगें तिच्यावर हातानेंच फोकस करावीं लागतात. म्हणून दुकानांत "बसतें का?" एवढेंच न विचारतां "आपोआप फोकस होतो का?" हेंही विचारावें.

भिंग आधीं, हा नियम सर्वत्र लागू नाहीं. उडते पक्षी किंवा खेळाचे सामने टिपणाऱ्यास पेटीचाही तितकाच विचार केला पाहिजे. कारण पळत्या वस्तूवर फोकस धरून ठेवणें आणि सेकंदांत अनेक चित्रें घेणें हें मुख्यतः पेटीचें काम. त्या छंदास ४०० मिलिमीटर किंवा अधिक लांबीचें भिंगही लागतें, व दोहोंची मिळून किंमत विद्यार्थ्यानें मनांतही आणूं नये अशी असते. शाळकरी वयांत पक्ष्यांऐवजीं माणसें टिपावींत असें मी सुचवितों. दुसऱ्या टोकाला, ज्यास दिवसाच्या उजेडांतलीं चित्रें फोनच्याच पडद्यावर पाहावयाचीं आहेत, त्यानें कांहींच घेऊं नये. आणि साधनांच्या मर्यादेबद्दल कुरकुर करणाऱ्यांनीं होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचीं चित्रें पाहावींत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिकलेल्या ह्या बाईंनीं स्पीड ग्राफिक व रोलायफ्लेक्स अशा कॅमेऱ्यांवर काम केलें. रोलायफ्लेक्सचें भिंग बदलतांच येत नाहीं.

रक्कम अपुरी असल्यास जुनें भिंग घेण्यास हरकत नाहीं. मात्र तें पारखून घ्यावें. दोन्हीं बाजूंचीं झांकणें काढून, छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूनें विजेरीचा झोत तिरपा टाकावा व दुसऱ्या बाजूनें पाहावें. धुळीचे चार कण दिसले तर घाबरूं नये. चित्रांत ते दिसत नाहींत. परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु दिसले तर ती बुरशी होय. तसलें भिंग परत द्यावें, कारण ती कांचेवरील लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतो. छिद्राच्या पात्यांवर तेल चढलें आहे काय, फोकसचें कडें सैल हालतें काय, हेंही पाहावें. जुनी पेटी घेतांना तिचा पडदा किती वेळां उघडला आहे तें विचारावें. पुष्कळ पेट्यांचे पडदे एक-दोन लाख वेळां उघडण्याच्या हिशेबानें बनविलेले असतात. कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्याच्या चार महिन्यांत कातडी पिशवींत बंद करून ठेवलेल्या भिंगास बुरशी लागण्याची भीति सर्वांत मोठी. घट्ट झांकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यांत भिंग ठेवावें. त्यांतील रंग बदलणाऱ्या गोळ्यांचा रंग पालटला कीं कंपनीच्या सूचनेप्रमाणें मंद आंचेवर तापवून त्या पुन्हां कोरड्या कराव्यात. आठवड्यांतून एकदां भिंग बाहेर काढून उजेडांत थोडा वेळ वापरावें. पावसाळ्यांतले ढगाळ दिवस चेहऱ्यांच्या चित्रांस फार चांगले असतात.